आधी गूळ, मग पाणी

शाळेत मी तीन इयत्ता बसलो. अक्षर अजून मोठं मोठं येतं आणि ओळ उतरणीला लागल्यासारखी खाली जाते. तरी हे मी माझ्या हातानं लिहायलोय. कारण तोंडानं सांगायला गेलं की ऐकणारा मधेच म्हणतो, "जाऊ द्या, तुमचा काय दोष त्यात." मला ते ऐकायचं नाही. कागदाला मधे बोलता येत नाही.

आमचं गाव राणीसावरगावपासून पायी तासाभराच्या वाटेवर, माळाला आहे. झाड कमी, दगड जास्त. चैत सरला की सकाळी नऊलाच दगडी भिंत हात लावू देत नाही. दुपारी कुत्रीसुद्धा नालीच्या ओल्या गाळात पोट टेकून पडतात. असे सत्तरच्या वर उन्हाळे मी काढले. डोक्याला कधी रुमाल बांधला नाही. वहाण बांधापर्यंत, बांधाच्या आत अनवाणी. बाकीचे गडी बाभळीखाली सरकले की मी मुद्दाम उभा राहायचो. त्यांनी बघावं म्हणूनच उभा राहायचो, खोटं कशाला बोलू.

थंडीचंही तसंच. परभणीचं नाव उन्हासाठीच निघतं, पण पुसात इथं पहाटे बादलीत हात घातला की बोटं कळ मारतात. आमच्यात गळ्यात लिंग असतं. अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, त्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. ती अंघोळ मी बारा महिने गार पाण्यानं केली. गार पाण्यानंच कर असं कुणी सांगितलं नव्हतं. माझा हट्ट होता. चुलीवर पाणी ठेवणाऱ्या माणसाला मी मनातून बाईमाणूस म्हणायचो.

आणि एक रीत होती, ती माझी एकट्याची नव्हे, सगळ्या शिवाराची. उन्हातून आलेल्याला दारात लगेच पाणी द्यायचं नाही. आधी बसवायचं. गुळाचा खडा हातावर द्यायचा. घाम जिरू द्यायचा. मग पाणी. तापल्या तव्यावर पाणी मारलं तर तवा तडकतो, असं माझा बाप म्हणायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना शेतातून पळत येऊन रांजणाला तोंड लावलं, तर त्यानं मानगूट धरून मागं ओढलं होतं. माझ्या लेकीला मी तेच शिकवलं. ती शाळेतून आली की आपणहून गुळाच्या डब्याकडं जायची, खडा तोंडात धरून उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, "अप्पा, जिरला का घाम?" मी कपाळाला हात लावून बघायचो आणि मग हो म्हणायचो.

लेक ही एकच. दिली लांब, महाबळेश्वरच्या अंगाला. जावयाची तिथं चण्याची भट्टी. चणे भाजून फुटाणे करायचे, फिरायला आलेल्या लोकांना विकायचे. माणूस निर्व्यसनी, बोलायला गमत्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिवाळीला यायची दोघं, एकदा संक्रांतीला आली. उन्हाळ्यात जावई कधी आला नव्हता. उन्हाळा म्हणजे तिकडं गर्दीचे दिवस, भट्टी सोडता येत नाही.

त्या साली धोंड्याचा महिना जेठात आला. अधिक महिना हा तीन वर्षांनी येतो, कधी कोणत्या महिन्यात, कधी कोणत्या. त्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे द्यायचे. बायको म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात बोलवू. मिरग जवळ आला म्हंजे आभाळ येतंय. जरा थंडावा ऱ्हातो."

मी म्हणालो, "महिना लागला की बोलवायचं. लोक काय म्हणतील? उन्हाला भेऊन जावई लांबवला?"

"लोकांना काय पडलंय?"

"मला पडलंय."

झालं. माझ्या घरात शेवटचा शब्द माझा असायचा, आणि त्याचा मला अभिमान होता.

दोघं आली ती दुपारच्या मोटारीनं. जावयाच्या हातात फुटाण्याची मोठी पिशवी, शर्ट अंगाला चिकटलेला. पहिल्या दिवशी तो रांजणाजवळच्या भिंतीला पाठ लावून बसला तो उठलाच नाही. टॉवेल भिजवायचा, डोक्यावर ठेवायचा. तो वाळला की परत भिजवायचा. बायकोनं शेजारच्यांचा कूलर आणायचं काढलं. मी नको म्हणालो. जावई ऐकत होता, त्याला ऐकू जावं असंच मी म्हणालो, "दोन दिवसांत अंगवळणी पडतंय. आपण काय बर्फाचे हावोत का?"

जावई हसला. "मामा, तुमच्या गावात चणे भट्टीबिगरच भाजत असतील."

"भाजत्यात की. माणसं भाजत न्हाईत."

सगळी हसली. लेकसुद्धा. ते हसू मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी धोंडे झाले. तूप लावून त्याला पाच वाढले, त्यानं तीन खाल्ले आणि पोटावर हात ठेवला. ताट दिलं, टोपी-टॉवेल केला. सगळं रितीप्रमाणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेताकडं निघालो. मिरगाच्या आधी शेणखताचे ढीग फोडून रानात पसरायचे होते. जावई अंगणात दात घासत होता. म्हणाला, "चला मामा, मी बी येतो. बसून बसून अंग आंबलंया."

इथं मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "राहू द्या, जावईबापू. वितळून गेलात तर लेकीला काय सांगू?"

त्याला ते लागलं. हसत होता, पण लागलं. म्हणाला, "अठरा वर्षं भट्टीम्होरं उभा हाय मी. कढईत वाळू लाल होती, तिच्यात हात घालून चणं हालवतो. तुमचं ऊन काय जास्त करणार?"

लेक दारात आली. "आवो, नका जाऊ. तिकडं झाड बी न्हाई." त्यानं ऐकलं नाही. मी तर तिच्याकडं बघितलंही नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. म्हटलं, आज कळेल भट्टी कशाला म्हणतात.

बरोबर पाण्याचा कॅन होता. तो बांधाच्या कडेला दगडाच्या सावलीत ठेवला. काम करताना दुपारपर्यंत पाणी प्यायचं नाही ही माझी सवय. तो दोनदा कॅनकडं गेला, झाकणाला हात लावला, माझ्याकडं बघितलं आणि परत आला. मी पीत नाही म्हणून तोही प्याला नाही. मी ते बघितलं होतं. "प्या की" हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

दहाला तो घामानं न्हाला होता. थट्टा करायचा, खोऱ्यानं ढीग फोडायचा, मधेच कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, "मामा, ह्ये खत न्हवं, निखारं हायती." अकराला बोलणं बंद झालं. मला वाटलं, हरला म्हणून गप्प झाला. मी काहीतरी विचारलं तर चिडून "व्हय व्हय" म्हणाला. एवढ्या वर्षांत तो माझ्याशी चिडून बोलला नव्हता. बाराच्या पुढं मी त्याच्याकडं बघितलं तर चेहरा तांबडालाल, पण अंग कोरडं. शर्ट वाळून कडक झालेला, त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. मी जवळ गेलो, मनगटाला हात लावला. कढत होतं, आणि घामाचा टिपूस नाही.

मी काय केलं ते लिहितो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "शाब्बास जावईबापू. घाम बंद झाला. अंग पिकलं तुमचं. आता तुमी आमच्यातले झालात."

आमच्याकडं तसंच समजतात. नवीन माणसाला घाम फार येतो, जुन्याला कमी. घाम थांबला म्हणजे ऊन अंगात मुरलं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. तो माझ्याकडं बघत होता, पण मला बघत नव्हता. ते मला आता कळतंय.

घरी यायला अर्धा तास लागला. तो मागं मागं चालत होता, वाटेच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. दारात आलो. लेक तांब्या भरून उभीच होती, आमची वाट बघत असणार. त्यानं हात पुढं केला.

मी म्हणालो, "उन्हातून आलेत. लगेच न्हाई. गूळ आण आधी."

तिनं माझ्याकडं बघितलं. एक क्षण बघितलं, जास्त नाही. मग तांब्या खाली ठेवला आणि गुळाच्या डब्याकडं गेली. मी शिकवलेली लेक होती ती.

त्याला मी भिंतीला टेकून बसवलं. तो म्हणाला, "पाणी." मी म्हणालो, "देतो, देतो. घाम जिरू द्या." त्याच्या अंगावर जिरायला घाम होता कुठं? रीत घाम आलेल्या माणसासाठी होती. माझ्यापुढं कोरडा माणूस बसला होता आणि मी त्याचा घाम जिरायची वाट बघत होतो.

लेकीनं खडा त्याच्या तोंडात दिला. त्याला तो चघळता येईना. थोड्या वेळानं खडा तोंडातून मांडीवर पडला, जसाच्या तसा, ओलासुद्धा झाला नव्हता. तो परत म्हणाला, "मामा, पाणी." लेकीनं तांब्या उचलला. मी तिचा हात धरला नाही, पण "थांब" म्हणालो. ती थांबली. किती वेळ, ते मी कितीदा आठवून बघितलं. बायको म्हणते थोडा वेळ. लेक ते कधी बोलली नाही.

मग तो एकदम मोठ्यानं बोलायला लागला. "वाळू जळतीया. भट्टी इझवा. आरं कुणीतरी भट्टी इझवा." उठायला गेला आणि बाजेच्या पायावर कोसळला.

लेकीनं तांब्या त्याच्या तोंडाला लावला तेव्हा पाणी आत जाईना, गालावरून वाहून गेलं. शेजाऱ्याचा पिकअप होता, तो त्यानं लगेच काढला. बायकोनं रांजण निम्मा रिकामा करून गोधड्या भिजवल्या आणि त्याच्या अंगावर टाकल्या. ज्या रांजणातला घोट मी त्याला दिला नव्हता, त्याच रांजणाचं पाणी गाडीच्या फाळक्यावरून रस्त्याला गळत होतं. गंगाखेडच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि म्हणाले, परभणीला न्या, उशीर करू नका. पोखर्णीवरून जाताना बायकोनं नरसिंहाच्या देवळाकडं तोंड करून हात जोडले. लेकीनं जोडले नाहीत. तिचे दोन्ही हात त्याच्या छातीवर होते.

परभणीचा डॉक्टर तरणा होता, माझ्या लेकीच्या वयाचा. जावयाला आत नेलं, बर्फ लावला, नळ्या लावल्या. मग बाहेर येऊन मला विचारलं, "बाबा, उन्हात किती वेळ होते? घाम येत होता का?"

"न्हाई. घाम बंद झाला होता. अंग कोरडं ठणठणीत."

हे मी सांगितलं ते जरा मान वर करूनच सांगितलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच सांगितलं. त्याचा पेन थांबला. म्हणाला, "बाबा, घाम थांबणं म्हणजे अंगानं हात टेकणं. तुमच्या अंगाला फाल्गुनापासून सवय होत आलेली असते, रोज थोडी थोडी. हे परवा आलेत थंड हवेतून. पाणी कधी दिलं?"

मी सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. रागावणाऱ्याला मला उत्तर देता येतं.

अकरा दिवस तो तिथं होता. मूत्रपिंडं बसली होती, मशीनवर रक्त धुवायचे. मी व्हरांड्यात राहिलो. लेक आत-बाहेर करायची. माझ्यासमोरून जायची, मी तिथं भिंतीला लावलेला बाक असावा तशी. तो वाचला. ज्या दिवशी त्याला घेऊन ती निघाली, त्या दिवशी स्टँडवर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं पाया पडेल. म्हणाली, "अप्पा, त्यांनी दोनदा पाणी मागितलं. मी तांब्या खाली ठेवला. तुमी सांगितलं म्हणून ठेवला." एवढंच. मग गाडीत चढली.

त्यानंतर फोन आईला यायचा. मी जवळ असलो तर आई म्हणायची, "हे हायत बघ इथंच," आणि पलीकडून म्हणायची, "बरं, ठेवते." दसरा झाला, दिवाळी झाली. पाडव्याला दाराशी बसून मी मोटारीचा आवाज ऐकला आणि उठलो नाही, कारण उठलो असतो तर बायकोनं बघितलं असतं. तेव्हा मला कळलं की लेक आता ह्या उंबऱ्यात यायची नाही. मी मेल्यावर येईल, रीत म्हणून.

पुसाच्या सुरुवातीला बायको म्हणाली, "जावयाला भट्टीपुढं उभं ऱ्हाता येईना. जरा ऊब लागली की चक्कर येती. डॉक्टरनं सांगितलंय, जन्मभर जपा. भट्टीवर आता पोरगी उभी ऱ्हायलीय. तुमी जा."

"मला बोलवलंय का तिनं?"

"न्हाई बोलवलं. म्हणूनच जा."

आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा शब्द तिचा झाला.

तिनं स्वेटर दिला, तो मी घरीच खुंटीला ठेवला. धोतर, सदरा, एक शाल. बरोबर ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमची आणखी एक रीत. सहा वर्षांत दोनदा गेलो होतो तिच्याकडं. दोन्ही वेळा घरची भाकरी खाल्ली आणि सडकेच्या नळाचं पाणी प्यालो. लेकीला वाईट वाटायचं, आणि मला त्यात मोठेपणा वाटायचा.

पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. धुकं असं की चार पावलांवरचं दार दिसेना. लेकीनं दार उघडलं, मला बघितलं, बाजूला झाली. जावई आत कानटोपी घालून बसला होता. सुकला होता. "या मामा," म्हणाला. टोमणा मारला असता तर मी जागेवर आलो असतो. त्यानं टोमणा मारला नाही.

आमचं थंड कोरडं. दिवस कासराभर वर आला की पळतं. तिकडचं थंड भिंतीत राहतं, अंथरुणात राहतं, धोतराच्या निऱ्यांत शिरून बसतं. दिवस उगवला तरी ते जात नाही, नुसतं पांढरं होतं. सकाळी उठून मी मोरीत गेलो आणि बादलीतलं गार पाणी अंगावर घेतलं. पहिल्या तांब्याला श्वास अडकला. तिसऱ्या तांब्याला कानात शिट्टी वाजली. तरी बादली संपवली. ओलेत्यानं पाटावर बसलो, लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, आणि विभूती घ्यायला उजवा हात पुढं केला. डाव्या हाताची बोटं माझी राहिलीच नव्हती. लिंग तळहातावरून घसरून फरशीवर पडलं.

ज्यांच्यात लिंग नाही त्यांना हे कळायचं नाही. जुन्या काळी लिंग हातातून पडलं तर माणूस जगायचा नाही म्हणे, स्वतःच जायचा. त्रेसष्ट वर्षं ते माझ्या गळ्यात होतं. कधी जमिनीला लागलं नव्हतं.

ते उचलायला मला तीनदा हात घालावा लागला. बोटं मिटत नव्हती. मान वर केली तर दारात जावई उभा. त्यानं सगळं बघितलं होतं. मी वाट बघत होतो तो काय बोलतो त्याची. तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, उद्यापास्नं पाणी तापवून ठिवलं तर पूजेला चालतं का?"

मी म्हणालो, "चालतं."

बायकोला मी हे अजून सांगितलेलं नाही. आता कुणी वाचून दाखवलं तरच तिला कळेल.

नवाच्या सुमाराला लेक भट्टीवर गेली. घराच्या पुढच्या पडवीतच भट्टी आहे. वर लोखंडी कढई, त्यात काळी वाळू. वाळू तापली की मीठ-हळदीचे चणे टाकायचे, लांब दांड्याच्या झाऱ्यानं हलवत राहायचं, तडतडले की चाळणीवर उपसायचे. वाळू खाली, फुटाणे वर. लेकीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग पडले होते, काही जुने, काही ओले. मी बराच वेळ बघत बसलो. मग उठलो आणि तिच्या हातातला झारा घेतला. तिनं सोडला नाही. मी म्हणालो, "उन्हाचा माणूस हाय मी. दुसरं काय येतंय मला?" तेव्हा सोडला.

पहिला घाणा करपला, दुसरा कच्चा राहिला. तिसऱ्याला जावई आतून म्हणाला, "मामा, आवाजावर ध्यान द्या, वाळूकडं नगं." चौथा जमला. छाती, तोंड, हात भाजून निघत होते, आणि पाठ मात्र गार. पडवीला मागून धुकं येत होतं. तेव्हा मला कळलं, अठरा वर्षं तो जी आग सोसत होता ती एका अंगाची होती. नको वाटली की वळायचं, पाठ करायची. आमच्या रानात पाठ कुठं करणार? त्यानं मला भट्टीचं सांगितलं, मी त्याला उन्हाचं सांगितलं, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं. पण रान माझं होतं. माहीत असायला मलाच पाहिजे होतं.

दुपारपर्यंत उभा राहिलो. घाम डोळ्यांत जायला लागला, सदरा पिळून निघाला. मग भिंतीला टेकून खाली बसलो. सडकेचा नळ उताराला होता. तिथपर्यंत जाऊन यायचं त्राण नव्हतं. मी डोळे मिटले. उघडले तर लेक समोर उभी, हातात तांब्या.

"घ्या."

मी म्हणालो, "घाम जिरू दे."

तोंडातून निघून गेलं. सत्तर वर्षांची जीभ, ती काय विचारून बोलते? लेकीचा चेहरा तसाच राहिला. तांब्या तसाच पुढं. आतून जावयाचा खोकला ऐकू आला आणि तोही थांबला.

"न्हाई," ती म्हणाली. "आता घ्या."

तिच्या घरचं पाणी होतं. मूलबाळ अजून नव्हतं. दोन्ही रिती एकाच तांब्यात होत्या. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यालो. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले. ती तांब्या रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही. मग तो घेतला, पुन्हा भरून आणला आणि माझ्या शेजारी जमिनीवर ठेवला. ठेवताना जरा आपटलाच.

मी तिथं शिमग्यापर्यंत राहिलो. खोकला धरला तो अजून आहे. पुढच्या वर्षी पुसात परत गेलो, त्याच्या पुढच्या वर्षीही. आता छाती साथ देत नाही तरी जातो, आणि स्वेटर घालून जातो. लेक माझ्याशी बोलते. फार नाही. चणे, वाळू, आईची तब्येत. त्या दिवसाचं ना ती काढते, ना मी.

मधल्या दोन धोंड्यांच्या महिन्यांना, एक आश्विनात आला होता, एक श्रावणात, ती दोघं आली नाहीत. यंदा परत जेठातच आलाय. फाल्गुनातच लेकीचा फोन आला. आईनं उचलला, तर म्हणाली, अप्पांना दे. मी फोन कानाला लावला.

"अप्पा, ह्यांची यायची इच्छा हाय. म्हणत्यात, धोंडा हाय, सासऱ्याच्या दारी जायला पायजे."

एवढी वर्षं मी ह्याच बोलण्याची वाट बघत होतो. मी म्हणालो, "येऊ नका."

ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

माझंच वाक्य होतं. टोमणा होता की काय, मला कळलं नाही. मी म्हणालो, "लोकांना म्हणू दे, म्हाताऱ्यानं जावयाला दार बंद केलं. जेठात त्यानं परभणीची हद्द ओलांडायची न्हाई. मी येतो घेऊन."

गावात ते कळलंय. सासरा धोंडे डोक्यावर घेऊन जावयाच्या दारी निघालाय म्हणून पारावर हसतात. हसू द्या. बायकोनं अनारशाचे तांदूळ भिजत घातलेत. तेहतीस मोजून डब्यात भरायचे आणि पहाटेच्या मोटारीनं, ऊन चढायच्या आत निघायचं. लेकीला सांगून ठेवलंय, दारात पोचलो की पाणी दे. गूळ नको.